काहीही घाल

दाजी गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक गाणं लिहून दे, असं अक्कानं फोनवर सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. उभा जन्म कवितेत घालवलेल्या माणसाला एका गाण्याचं काय अवघड?

नांदेडहून लातूरच्या एसटीत बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, धृपद काही सुचेना. यमक जुळवायला घेतलं की माझी मलाच लाज वाटायची. चाकूरला उतरलो तेव्हा मोबाइलमध्ये एक मुक्तछंदातली कविता तयार होती. कविता चांगली होती. एखाद्या दिवाळी अंकानं आनंदानं छापली असती. पण अक्कानं मागितलं होतं गाणं, आणि ते मला जमलं नव्हतं. एवढं साधं वाक्य स्वतःशी कबूल करायला मला चाकूर ते गाव एवढा सगळा ऑटोचा रस्ता लागला.

अक्का माझी थोरली बहीण. तिची आणि दाजींची गायन पार्टी होती. ती गायची, दाजी ढोलकीवर. चाकूर, रेणापूर, शिरूर अनंतपाळकडच्या गावांत चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांना उसंत नसायची. गाणी मी लिहायचो. आमच्याकडे आधी चाल यायची, मग शब्द. अक्का भाकरी थापता थापता ‘ला ला’ करून चाल म्हणायची, दाजी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायचे आणि मी त्यात शब्द बसवायचो. एखादा शब्द लांबला तर दाजी थाप लांबवून माझी चूक पोटात घालायचे. शेवटच्या कडव्यात रिवाजाप्रमाणे कवीचं नाव गुंफलेलं असायचं. माझं नाव आलं की दाजी माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि मी लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचो.

पुढे नांदेडला कॉलेजात नोकरी लागली. तिथं मुशायरे ऐकले, गझलेच्या नादी लागलो. मग गझलही अंगाला तंग व्हायला लागली म्हणून मुक्तछंदात आलो. अलीकडे तर स्वल्पविरामही टाकून दिलेत. दर पुस्तकाला कुणीतरी लिहायचं, कवीनं चौकट मोडली. ते वाचून मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी पुढची चौकट मोडायला घ्यायचो.

लातूरच्या एका कविसंमेलनात चहाच्या वेळी एका समीक्षकानं विचारलं, “जयंतीची गाणी लिहिणारे ते तुम्हीच का?” त्यानं कौतुकानं विचारलं असेल, किंवा नसेलही. मी कप तोंडाला लावत म्हणालो, “नाही, ते दुसरे कुणीतरी.”

त्याच आठवड्यात गावी जाऊन मी अक्काला सांगितलं, गाण्यांतून माझं नाव काढ.

“मंग तितं काय घालू? जागा रिकामी न्हाई ठिवता येत.”

“काहीही घाल,” मी म्हणालो. दाजी तिथंच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ त्यांना पटलं असा घेतला. तसा अर्थ घेणं सोयीचं होतं.

तर आता मी अक्कासमोर बसून मोबाइलमधली कविता वाचून दाखवली. तिनं डोळे मिटून ऐकली.

“चांगलं हाय रे. पर यात बाकीच्यांनी कुटं म्हनायचं?”

“बाकीचे ऐकतील, अक्का.”

“नुसतं ऐकतील? त्यांना बी ह्यांच्यासाटी काय म्हनावं वाटत असंल की.”

धृपदाला मी इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेली सवय समजत होतो. ती दुसऱ्यांना आत यायची जागा होती, आणि माझ्या पुढच्या एकाही पुस्तकात मी ती ठेवली नव्हती. दाजींसाठी सुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मांडवात वंदना झाली, फोटोला फुलं वाहून झाली. मग अक्का पेटीशेजारी बसली आणि तिनं माझंच एक जुनं गाणं काढलं. ढोलकीवर शेजारगावच्या पार्टीतला माणूस होता. धृपद आलं की सगळा मांडव म्हणायचा, बाया तर हात जोडूनच. मीही म्हणायला लागलो. शब्द मला आठवत होते, याचंच मला नवल वाटलं. शेवटचं कडवं आलं, आणि माझ्या नावाच्या जागी अक्कानं दाजींचं नाव घेतलं. अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

जेवणं उरकल्यावर मी तिला गाठलं. “चांगलं केलंस, आज त्यांचं नाव घातलंस ते.”

“आज कुटलं? तू काडाय सांगितलं तवापासून तेच घालते की.”

“मग मी कधी ऐकलं कसं नाही? त्यानंतर दोनतीन जयंत्यांना आलो होतो मी.”

“कसं ऐकू येईल? ह्ये ऐकू देतील तर ना. सोताचं नाव आलं की मुद्दाम जोरात थाप मारायचे. मी लई भांडले. म्हनायचे, मेव्हन्याची जागा हाय ती, त्यो ईल माघारी. तवर आपन झाकून ठिवू.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आज ह्यो ढोलकीवाला नवा. त्याला काय म्हाईत.”

मी भिंतीला टेकून बसलो. रडू आलं, ते मी आवरलं नाही. अक्कानं पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

“जयंतीला गायचं हाय,” ती म्हणाली. “सांग आता, तितं कुनाचं घालू?”

“दाजींचंच राहू दे. मी तुझ्या मागं कोरसमध्ये बसतो.”

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. “बस. पर ढोलकीवाल्याला आधी सांगून ठिव, त्या जागी थाप हळू मार म्हनून.”