शेपूट मागंच राहिलं

“आज शेपूट पुढं नाय आलं म्हणजे मिळवली,” शेडमधला मेकॅनिक हसत म्हणाला.

“चूप रे, बच्ची आली,” चाचांनी त्याला दटावलं. चाचा म्हणजे विमानांच्या पंखांवर कापड चढवणारे आमचे कारागीर. मी काही ऐकलंच नाही असं दाखवून हेडसेट कानाला लावला. हे मला शाळेपासून छान जमतं.

चितेगावच्या पुढे एका छोट्या खासगी धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकत होते. आमचं विमान जुन्या धाटणीचं. पुढे दोन मोठी चाकं, शेपटाखाली एक इवलंसं. सगळा भार मागे, त्यामुळे उतरल्यावर शेपूट जरा बाजूला सरकलं की सरकतच जातं. विमान पूर्ण थांबेपर्यंत पायाखालच्या पेडलनी ते सावरत राहावं लागतं.

महिन्याभरापूर्वी ते सावरलं नव्हतं. चाकं टेकली तेव्हा बाजूचा वारा होता. मागच्या सीटवरून मला शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, “कंट्रोल कुणाकडे?” याचं उत्तर मोठ्याने द्यायचं असतं, तसा नियमच आहे. मी मान हलवली. वर्गात मिस काही विचारायच्या तेव्हा हलवायचे तशी. सरांना त्यातून काही कळलं नाही, म्हणून त्यांनीही पेडल दाबलं. दोघांचा जोर एकाच बाजूला पडला, विमान गरकन फिरलं आणि उजव्या पंखाचं टोक जमिनीला घासत गेलं. धूळ बसली तेव्हा आमचं तोंड आलो त्या दिशेला होतं.

कुणाला खरचटलंही नाही. सर सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, “दोघांनी एकच काम केलं, म्हणून झालं.” चाचा तर तेवढंही बोलले नाहीत. पंखावर नवं कापड चढवताना त्यांनी मला हाक मारली, “पकड बेटा, ताणून धर.” मग मी रोज कापड धरायला जायला लागले. त्या शेडमध्ये मला काही बोलावं लागत नसे. त्या दिवसांची मला फार गरज होती, हे आता कळतं.

आज मात्र सरांनी उड्डाणाआधीच सांगितलं होतं, “आज जमलं नाही, तर हे विमान सोडायचं. तुझ्यासाठी दुसरं सोपं विमान बघू.”

मला हेच विमान हवं होतं.

वारा पुन्हा बाजूचा. चाकं टेकली. समोरच्या छोट्या आरशात मला सरांचा चेहरा दिसत होता.

“कंट्रोल कुणाकडे?”

मान हलायला लागलीच होती. तेवढ्यात उजवीकडे पंखावरचं चाचांचं नवं कापड दिसलं, बाकीच्या पंखाहून जरा उजळ. त्याला या वेळी माती लागली नाही, नंतरही कधी नाही. पण त्या क्षणी ते मला माहीत नव्हतं. मी पाय पेडलवर घट्ट रोवले आणि हेडसेटमध्ये जवळजवळ ओरडलेच,

“माझ्याकडे, सर! कंट्रोल माझ्याकडे आहे!”