पुसला का रे?

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला वाचवायला बघेन... तेवढा मी मला ओळखतो.

आळेफाट्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटारी. वय बावन्न. भूतखेत, चकवा, अंगात येणं, यातलं मी काही मानलं नाही. मोटार जळाली तर तिला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत ती खोलायची, एवढंच मला ठाऊक. या पानावरचे अनुभवसुद्धा मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो.

आम्ही दहा-बारा जण रविवारी डोंगर चढतो. कुठं जायचं ते मी निवडतो. दिवाळी झाली, गवत वाळायला लागलं की दोन-तीन नव्या वाटा हेरायच्या, आधी एकदा चढून यायचं आणि फाटे फुटतात तिथं पांढऱ्या ऑइल पेंटनं बाण काढून ठेवायचे. अभयारण्यात असं रंगवू नये हे तेव्हा कळायला हवं होतं. पण ती चूक लहान म्हणावी, अशी दुसरी मी केली.

मागच्या वर्षी कार्तिकात मी आणि दत्ता वाट बघायला गेलो. दत्ता म्हणजे माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवतो. मंचर, घोडेगाव, डिंभे धरणाच्या कडेकडेनं आहुप्याच्या बाजूला गेलं की एक वाडी लागते. नाव लिहीत नाही. वाडीच्या मागून दीड तास चढलं की कारवीच्या झुडपांत एक मोठा काळा दगड आहे. तिथं वाट फुटते. दत्ता खाली तंबाखू मळत बसला होता. मी दगडावर डावीकडे बाण काढला आणि पुढं बघायला गेलो. तीस-पस्तीस पावलांवर जमीनच संपली. खाली सरळ कोकण! पुरुषभर उंचीचं गवत कड्याच्या बाहेर झुकलेलं, त्यामुळे टोकावर जाईपर्यंत काही कळत नाही.

परत आलो, उजवी वाट धरली, वीसेक पावलं वर गेल्यावर दुसऱ्या दगडावर बरोबर बाण काढला. तेवढ्यात आठवलं, मागचा बाण तसाच राहिलाय. रंग ओला होता. पिशवीत रॉकेलची चिंधी होती. पण पुन्हा खाली उतरा, पुन्हा चढा... मी तिथूनच ओरडलो, "दत्ता, डावीकडचा बाण चुकला रे! उजवीकडनं ये!"

"पुसला का रेऽऽ?" खालून दत्ता.

"पुसलाऽऽ!"

समोरच्या कड्यानं ते दोनदा परत केलं. पुसला... पुसला... दत्ता चढून आला तो स्वतःशी बडबडत, खाली मान घालून. दगडाकडे त्यानं बघितलंच नाही. मीही दाखवला नाही.

यंदा वाटा निवडायला बसलो तेव्हा मी दुसरीकडची दोन नावं सुचवली. दत्ताच माझ्याकडे बोट करत म्हणाला, "आहुप्याकडचीच धरू राव. भाऊनं बाण काढल्यात, चुकायचं कामच न्हाई." सगळे हो म्हणाले. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी मनात ठरवलं, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं चालायचं, दगडापाशी आधी पोचायचं आणि बाण खरवडून टाकायचा.

वाडीत सकाळी साडेनऊला पोचलो. एक म्हातारी बांधावर गवत कापत होती. आमच्याकडे न बघताच तिनं विचारलं, "पुसलं का?"

मी जागीच थांबलो. "काय पुसलं?"

"पुसलं का म्हन्ते. वर चाललाय, तर त्याला इचारलं का?" तिनं विळ्यानं झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड दाखवला. वाघोबा.

दत्तानं पानांची एक डहाळी तोडून दगडापुढं ठेवली आणि म्हणाला, "पुसलं गं आजी. म्हनला, जावा, पर भाऊला हिथंच ठेवा, लई शिष्ट मानूस हाय." सगळे हसले. मी डहाळी ठेवली नाही. ठेवली असती तर पुढं माझा उशीर टळला असता का? आता या विचाराला अर्थ नाही.

अर्धा चढ झाल्यावर आमच्यातल्या एका वहिनींच्या बुटाचा सोल निघाला. सुतळी माझ्याकडे. बांधायला मी थांबलो.

"दत्ता, थांब जरा!"

"तू ये मागनं. दात बघून बैल घेनारा मानूस मी, पर वाट डोळं झाकून तुझ्या भरवशावर घेतो!" तो एकटाच पुढं निघाला. बाकीचे माझ्याभोवतीच टेकले.

गाठ कशीबशी मारली. "तुम्ही हळूहळू या," म्हणालो आणि पळत सुटलो. पोट पुढं आलेला माणूस किती पळणार... गवत तोंडावर येत होतं. वारा नव्हता. अकराचं कडक ऊन.

आणि तेव्हा खालून, मी आलो त्या बाजूनं, स्पष्ट आवाज आला. "पुसला का रेऽऽ?"

दत्ताचा आवाज. पण दत्ता तर वर होता. खाली वळून पाहिलं, वाट दूरपर्यंत दिसत होती. रिकामी.

मी उत्तर दिलं नाही, शपथेवर सांगतो. पण वरून, कड्याच्या बाजूनं, माझा आवाज आला. "पुसलाऽऽ!"

तोच. मागच्या वर्षीचा. शेवटी आवाज थोडा चिरकला होता, तसाच चिरकलेला. आणि तो एकदाच आला. कड्यानं परत केला नाही. त्या कड्यासमोर खोकलं तरी दोनदा ऐकू येतं.

गुडघ्यांवर, हातांवर रांगत काळ्या दगडापाशी पोचलो. दगड उन्हानं तापला होता, पण मधोमध ओला होता. बाण नव्हता. त्या जागी पांढरा फराटा, कुणीतरी तळहातानं एका दमात पुसल्यासारखा. मी बोट लावलं, बोटाला रंग लागला. नव्या डब्याचा वास. ऑइल पेंट वाळला की थिनरनंही सहज निघत नाही, रोज हाताळतो मी. हा तर चार पावसाळी महिने खाल्लेला रंग.

डावीकडचं गवत दबलेलं होतं. मी हाक मारली. मग त्या गवतात शिरलो.

दत्ता टोकापासून एका पावलावर बसला होता, दोन्ही मुठींत गवत घट्ट धरून. चेहरा राखेसारखा. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मागं कसा? म्होरं व्हतास ना तू?"

"पुढं कुठं?"

त्यानं हनुवटीनं दरीकडे दाखवलं. "तिकडनं वरडलास की. पुसला म्हनून. तुला सोदाय म्होरचं गवत बाजूला केलं, तर खाली कायच न्हाई..."

"आणि बाण?"

"व्हता की. ढळढळीत. म्हनून तर आलो हिकडं. चुकलेला तू पुसलाय म्हनल्यावर ह्यो बरोबरचाच."

त्याला हाताला धरून मागं आणला. दगडापाशी त्यानं तो फराटा बघितला आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना वाटेतूनच परत फिरवलं.

खरं काय ते मी सांगितलं नाही. खाली आल्यावर तो सगळ्यांना सांगत सुटला, "भाऊनं हाक दिली म्हनून वाचलो." मी ऐकत राहिलो. आठवड्यानं त्याच्या घरी बोलावणं आलं. त्याच्या बायकोनं पाटावर बसवून ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली. "भावजी, तुमच्यामुळं माझं कुक्कू ऱ्हायलं," ती म्हणाली. टोपी डोक्यावर ठेवली तेव्हा असं वाटलं की आता कुणीतरी विचारणार... पुसला का रे?

तेव्हापासून दुकानात मोटारीचा आवाज थांबला की मी दचकतो. कानांची तपासणी करून आलो, कान ठीक आहेत. पुन्हा वर जाऊन बघायचं धैर्य झालं नाही. कारण सापडलेलं नाही. खोलायला काही हातातच नाही.

गेल्या बाजारी बेल्ह्याला गेलो. दत्ता एका खिल्लारी बैलाचं तोंड उघडून दात बघत होता. मला बघून हसला, "या, आमचं देव आलं!"

मी टॉवेल-टोपी त्याच्या हातात दिली.

"दत्ता, तो बाण मी पुसलाच नव्हता. वीस पावलं परत जायचा आळस केला आणि तुला खोटं सांगितलं. त्यानंतर वर्षभर गप्प बसलो. तू टोकावरून परत आलास, तरी गप्प बसलो."

त्यानं बैलाचं तोंड सोडलं. टोपीच्या घडीवरून अंगठा फिरवला.

"मंग त्या दिशी वरडलं कोन?"

"माहीत नाही. आवाज माझा होता, पण मी ओरडलो नव्हतो. मी तुला वाचवलं नाही, दत्ता. मी तुला तिथं पाठवलं. मला माफ कर."