हनुवटीवरचे तीन ठिपके

त्या अक्कांचं नाव मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. धरणगावातल्या माझ्या स्टुडिओत त्या नातीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आल्या आणि स्वतःच्या फोटोवर बोट आपटून म्हणाल्या, "मनं गोंदण कोठे शे?"

चूक माझीच. नवा फुल-फ्रेम कॅमेरा मिरवायच्या नादात मी त्या लग्नात, कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात लेन्स बदलली आणि आतल्या चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर कापसाची धूळ बसली. ती उडवायला तोंडानं फुंकर मारली, तर थुंकीही उडाली. मग प्रत्येक फोटोत ठिपके. ते कॉम्प्युटरवर पुसताना अक्कांच्या हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपकेही मी पुसून टाकले होते.

तरी मी म्हणालो, "अक्का, ती धूळ होती."

त्यांनी हनुवटी पुढे केली. "काढ फोटो." काढला. त्यांनी मान वळवली. "आते काढ."

दोन्ही फोटो शेजारी ठेवले. कोपऱ्यातला धुळीचा ठिपका जागचा हलला नव्हता. हनुवटीवरचे तिन्ही मात्र अक्कांबरोबर वळले होते.

"मनी मायनी गोंदेल शे. तुना कॅमेरा पुस भाऊ, मनं तोंड पुसू नको."

"उद्या नवा छापून देतो."

"मी आठेच बठस."

बसल्याच. मी मूळ फोटोतली फक्त धूळ पुसून तो पुन्हा छापला, त्यांच्यादेखत हवा मारायचा ब्लोअर घेऊन सेन्सरही साफ केला. त्यांनी तिन्ही ठिपके बोटानं चाचपले आणि अल्बम काखेत मारला. दारात थांबून भिंतीवरच्या माझ्या लाडक्या फोटोंकडे हात केला. "आते ह्या भी दखी ले."

पाहिलं. दोन नवरीमुलींच्या गालावरचे तीळ गायब होते.