शेततळ्यावरची एकवीस बदकं

माघातला रविवार, सकाळी आठ. शेततळ्याच्या बांधावर हजर: मी, माझे दीर आणि आमचा सालदार. सासूबाई घरी, पूजेत. पाण्यावर रानबदकं, एकवीस.

माझ्या शेतीच्या वहीत असंच लिहिलंय. तापीकाठची आमची केळी तेव्हा निसवायला आली होती. घड बाहेर पडताना पाण्याला खंड पडला की पीक गेलंच. आणि बदकांच्या पिसांनी, विष्ठेनं, त्यावर माजलेल्या शेवाळानं ठिबकचा फिल्टर दिवसातून तीनदा तुंबायचा. शेवटच्या ओळी कोरड्या राहत होत्या.

"वहिनी, जाळं टाकी देऊत. एक दिवसमा काम खल्लास," दीर म्हणाले.

सालदार हसला. "भाऊ, जाळं तुमी टाकशात, नि फारेस्टवाला धरी लई जाई माले!"

मी वनरक्षकांना फोन लावला. मारायचं नाही, धरायचं नाही, अंड्यांना हात लावायचा नाही. घरटं नसेल तर हुसकावायला हरकत नाही, असं ते म्हणाले. आम्ही सगळा बांध फिरून पाहिला. घरटं नव्हतं. दुपारपर्यंत तळ्यावर आडव्यातिडव्या दोऱ्या ताणून चमकत्या पट्ट्या बांधल्या.

बदकं उडाली. दुसऱ्या सकाळी परत आली, तीही थेट बांधावर. चार दिवस मी त्यांच्या वेळा लिहिल्या. रोज सातच्या सुमारास. पाचव्या दिवशी साडेसहालाच जाऊन पंपाच्या खोलीआड थांबले.

सासूबाई आल्या. पदरातली दादर, आमची रब्बीची ज्वारी, त्यांनी मुठीमुठीनं बांधावर टाकली. सासरे गेल्यापासून त्या पाखरांना दाणे टाकतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ते अंगणात, अशी माझी समजूत.

मी पुढे झाले. त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"आंगनमा मांजर बठस. आठे निवांत खातस बिचारा. तुन्हा सासरानं खंदेल तळं शे हाई."

तळं सासऱ्यांनी खणलेलं; मी तशीच घरी आले. त्याच दिवशी अंगणात, मांजर पोचणार नाही इतक्या उंच खांबावर दाण्यांसाठी पत्रा ठोकून घेतला. पट्ट्या बदलल्या, शेवाळ काढलं, फिल्टर धुतला. वहीत या सगळ्या कामांवर झाल्याच्या खुणा केल्या.

दाणे तळ्यावर टाकू नका, हे सासूबाईंना सांगणं मात्र बाकी आहे. ते दिरांवर ढकलायचं नाही, मीच सांगायचं, उद्या सातच्या आत.