वर्गात खाटा आहेत, बाक कुठून दाखवू?

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

मी गोवंडीतल्या एका शाळेची मुख्याध्यापिका. आज आम्हा मुख्याध्यापकांचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं, कोरोनात शाळा पुन्हा उघडायची तयारी कशी करायची त्याचं. प्रशिक्षक म्हणाले, "प्रत्येकाने आपला एक वर्ग कॅमेऱ्यावर दाखवा. बाकांमधलं अंतर दिसलं पाहिजे."

मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. आत विलगीकरण केंद्र आहे, मलाच सोडत नाहीत.

"सर, वर्गात पेशंट आहेत. बाक गच्चीवर रचून ठेवलेत. केंद्र कधी हलवणार, तेवढं सांगा ना."

"मॅडम, निगेटिव्ह बोलू नका. शेजारच्या शाळेचा वर्ग दाखवा, चालेल."

चालेल? माझं टाळकंच सटकलं. मी मोबाइल सरळ इमारतीकडे वळवला. तिसरीच्या वर्गाच्या खिडकीत तिसरीतल्याच सानियाचे अब्बा मास्क लावून उभे होते. मला बघून त्यांनी हात केला.

"हा बघा माझा वर्ग," मी म्हटलं. सरांनी माझा आवाज बंद केला.

तेवढ्यात जोगेश्वरीचे एक मुख्याध्यापक बोलले, "माझ्याही शाळेत पेशंट आहेत." मग मुलुंडच्या बाई, मग आणखी दोघं-तिघं. सरांनी "नेटवर्क प्रॉब्लेम आहे" म्हणत प्रशिक्षणच गुंडाळलं.

थोड्या वेळाने सगळ्यांना मेसेज आला: शाळेची पूर्वतयारी पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन!

कसली तयारी? कोणी पूर्ण केली? उद्या पालक फोन करून विचारतील, "बाई, शाळा कधी उघडणार?" तुम्हीच सांगा, मी त्यांना हा मेसेज वाचून दाखवू?