बायजाबाईचं घड्याळ आणि आईचा विळा

चिचगावची सुईण बायजाबाई तीस वर्षांत भ्यायली असेल तर फक्त दोघींना, आणि त्या दोघीही मेलेल्या होत्या. तिच्याच हाताखाली बाळंतपणात गेल्या होत्या. अशा बाया रानात दबा धरून बसतात, पुढच्या बाळंतिणीला ओढायला येतात आणि भितात ते फक्त लोखंडाला, असं तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं. म्हणून आईचा विळा कायम डाव्या मुठीत. बाळंतिणीच्या अंथरुणाखाली तो सरकवल्याशिवाय बायजाबाई कामाला हात लावत नसे.

पंच्याऐंशी सालच्या भादव्यात जावई टेकचंदनं नागपूरहून तिला बिनकाट्यांचं, नुसत्या आकड्यांचं घड्याळ आणलं आणि त्याच डाव्या मनगटावर बांधलं. पट्ट्यावर बोराएवढं होकायंत्र होतं.

"पाच वाजले का हे ओरडते, मामी. मंग जंगलात पाय टाकाचा नाही. अन् वाट चुकली तं लाल टोक पाहाचं. ते उत्तरेले राहते. बेहडाटोलीबी उत्तरेलेच आहे." जावयापुढे मान डोलावण्यापलीकडे सासू काय करणार!

चार दिवस झाले नाहीत तोच जंगलापलीकडच्या बेहडाटोली वस्तीवरचा गुलाब सायकलवर धापा टाकत आला. त्याची बायको सुमन सकाळपासून अडली होती. मागच्या खेपेला तिचं बाळ हाती लागलं नव्हतं. "मावशी, तू पायवाटेनं जाय. मी बपेऱ्याले जीप पाहाले जाऊन राहिलो," म्हणत तो गेलाही. जीप मिळाली तरी लांबच्या रस्त्यानं यायला दिवस बुडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पायवाटेवरचा नाला दुथडी वाहत होता. बायजाबाई वरच्या अंगाला वळली, उथळ जागा पाहून पलीकडे गेली आणि सागाच्या दाटीत वाट हरवून बसली. आभाळ इतकं भरलेलं की सूर्य कुठं आहे तेही कळेना. तिनं मनगट पाहिलं. लाल टोक सरळ समोर! ती झपाझप निघाली. थोड्या वेळानं पाहिलं, तरी टोक समोरच. मग पुढ्यात एक अर्धं जळालेलं मोहाचं झाड आलं. पुढं चालली, तर पुन्हा तेच झाड. तिसऱ्यांदा ते दिसलं तेव्हा ती जागीच थांबली. चकवा म्हणतात तो हाच. त्या दोघीच आपल्याला फिरवताहेत, तिकडे सुमनला गाठायला मोकळ्या व्हाव्यात म्हणून!

तेवढ्यात मनगटावर टीं टीं सुरू झालं. बायजाबाई किंचाळलीच. विळा हातातून पडला. या आवाजानं त्यांना आपला ठाव लागणार, म्हणून ती सापडेल ते बटण दाबत सुटली. आवाज थांबला, आणि तिला दिसलं की लाल टोक आता समोर नाही, पार पाठीमागे वळलंय. तिनं विळा उचलला. टोक झर्रकन विळ्याकडे आलं. ठेवून दोन पावलं सरकली, टोक पुन्हा मागे.

म्हणजे फिरवणारं भूत नव्हतंच. ती आईच्या विळ्याच्याच मागं गोल गोल फिरत होती.

हे कळलं म्हणून भीती गेली असं कुणी समजू नये, ती दुप्पट झाली. विळा घेतला तर टोली सापडत नाही. सोडला तर सुमनला राखायला काही उरत नाही. उजव्या हातात धरावा? पण लोखंडाची ओढ किती अंतरावर सुटते हे तिला कोण सांगणार? "माय, माफ कर मले," म्हणत तिनं विळा मोहाच्या खोडात रुतवला आणि लाल टोकाच्या मागं पळत सुटली. मागे पाचोळा वाजला तरी तिनं वळून पाहिलं नाही.

टोलीवर पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. सुमनची सासू रुखमिणी दारातच म्हणाली, "विळा ठेव पयले."

"ठेवतो," बायजाबाई म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. बाळंतिणीच्या घरात ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

कळ सोसता सोसता सुमननं अंथरुणाखाली हात घातला. हाताला काहीच लागेना, तशी ती पांढरीफटक पडली. "मावशी, विळा?"

"नाही आणला," बायजाबाई तिच्या कानाशी म्हणाली. "मी आली ना."

तासाभरानं बाळ रडलं. "विळ्यानं राखलं वो माय!" बाहेरून रुखमिणी ओरडली. बायजाबाईला नाळेची गाठ मारता येईना, एवढे हात थरथरत होते.

"काहून थरथरून राहिली, मावशी?"

"आता भेव लागून राहिलं, बाई."

सुमननं तिचं मनगट घड्याळासकट घट्ट धरलं आणि गाठ बसेपर्यंत सोडलं नाही.