जस्ताचा लेप

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून गॅलरीत गेलो. आता लिहून टाकतो. बायकोची कातडी तिच्या थोरल्या बहिणीच्या हळदीमुळे जळली, असं आमच्या नात्यात सगळे आजही धरून चालतात. ते खोटं आहे. लेप मी लावत होतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी डोंबिवलीत रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. बायकोच्या छातीचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मुंबईला किरणांचे शेक सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस जायचं. किरण कुठे सोडायचे ते कळावं म्हणून छातीपासून काखेपर्यंत जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या. तिथला तंत्रज्ञ पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "रेघा पुसायच्या नाहीत. साबण नाही, पावडर नाही, तेल नाही. आमच्याशिवाय कुणी काही लावायचं नाही." घर सांभाळायला मोहन्याहून ताई, म्हणजे तिची ती थोरली बहीण, येऊन राहिल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल झाली, मग काळवंडली. बायकोला ब्लाउजची बाही सोसेना. मला घरात बसवेना. शेवटी मी माझं डोकं चालवलं. जस्ताची पांढरी भुकटी आम्ही रंगात वापरायचो, उन्हाने रंग उडू नये म्हणून. ऊन अडवते ती हे किरणही थोडे अडवेल, आत जायचे ते जातील, वरची कातडी वाचेल. प्रयोगशाळेतून पुडी आणली, व्हॅसलिनमध्ये घोटली आणि रोज लावू लागलो. निघताना कापसाने टिपायचो, पण रेघा जातील या भीतीने जोरात पुसता यायचं नाही.

आठवड्याभरात काखेतली कातडी फाटली. पाणी सुटलं.

तंत्रज्ञाने मला आत बोलावलं. "काही लावलं होतं का? धातूचं मलम वगैरे? त्याने किरण कातडीवरच जास्त लागतात."

बायको टेबलावर पडलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मेहुणीने हळदबिळद लावली असेल. त्या घरी असतात."

"तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं हो!" तो म्हणाला. शेक दहा दिवस थांबले. त्या खंडाने आजार परत उलटेल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बायको गप्प राहिली. तिने माझी लाज राखली.

घरी आल्यावर मी तेच ताईंना सांगितलं. त्यांच्या हातात लाटणं होतं.

"अहो भाऊजी, मी तिला तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही!" मग स्वतःच्या तळव्याकडे बघत, हळूच, "वेणी घालताना हात लागला असेल का हो? फोडणी टाकून तशीच आले होते..."

तेव्हा "नाही" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या आता."

दुसऱ्या दिवशी त्या मोहन्याला परतल्या. उरलेले शेक आम्ही दोघांनीच पार पाडले. बायको त्यानंतर बरीच वर्षं जगली. पण ताईंनी तिची वेणी पुन्हा कधी घातली नाही. भाच्याच्या हळदीला कुणीतरी ओरडलं, "ताईंच्या हातात ताट देऊ नका गं, नवरा भाजेल!" सगळे हसले. मीही हसलो.

मागच्या रविवारी मोहन्याला गेलो. ताईंची ऐंशी उलटली आहे, ऐकू नीट येतं. चहा यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. पुडी, व्हॅसलिन, कापूस. वाटलं होतं, शिव्या देतील. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तिला माहीत होतं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. नाही म्हणालो असतो तर निदान त्यांच्या मनात त्यांची बहीण त्यांच्या बाजूची राहिली असती. तोंडापर्यंत आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "मी लावायचो तेव्हा ती हात वर धरायची."

"मग तिने तरी सांगायचं होतं हो, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मी बराच वेळ थांबलो. त्या बाहेर आल्या नाहीत.